पोटरीतला गोळा आणि पायांची निगा
चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की ओसरतो. रोह्याजवळच्या निडी गावाकडे भातलावणीच्या दिवसांत हे दमणुकीवर सहज ढकललं जाईल. पण पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची ही खूण असू शकते. अशा रुग्णाच्या हृदयाच्या धमन्याही अनेकदा तशाच असतात. शुश्रूषेत रोज पाय पाहणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चिखलातून आल्यावर कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, भेगा तपासाव्यात. गरम पिशवीने शेकू नये; बधिर पायाला भाजल्याचंही कळत नाही. मायेने पायांखाली उशी दिली, तर रक्त आणखी कमी पोहोचतं. तंबाखू, मिश्री बंदच. पाय अचानक थंड, पांढरा पडला किंवा छातीत दाब आला, तर रोह्याच्या गाडीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.