पडीक जमिनीच्या पोटात काय दडले आहे?

शाळेच्या मागे पडीक जागेचा एखादा तुकडा असतोच. कमरेइतके माजलेले गवत आणि झुडपे! तेथे मेथी, भेंडी, वांगी लावायचे तुम्ही ठरविलेत, तर काय कराल? गवत कापून, कुदळीने खणून लगेच बी पेराल. मग पंधरा-वीस दिवसांत मेथीपेक्षा तणच जोमाने वर येईल. असे का व्हावे?

कारण डोळ्यांना दिसते ते तण थोडे. बाकीचे मातीत दडलेले असते. १८७९ साली अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने तणांचे बी वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरले आणि त्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरून बी रुजते का, ते पाहायचे, असा हा प्रयोग. २०२१ साली उकरलेल्या बाटलीतील काही बियांनाही अंकुर फुटले! सुमारे १४० वर्षे हे बी जिवंत राहिले होते.

तणांच्या अनेक बियांना रुजण्यासाठी प्रकाश लागतो. आपण माती उलथतो तेव्हा खालचे बी वर येते, त्याला प्रकाश मिळतो आणि ते रुजते. म्हणजे नुसते खणणे ही तणांची पेरणीच ठरते!

म्हणून आधी तण ओळखा. गाजरगवत केवळ बियांपासून वाढते. आपल्या देशात १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम लक्षात आले. एक झाड हजारो बिया टाकते, म्हणून पांढरी फुले येण्यापूर्वीच ते मुळासकट उपटावे. त्याने अंगाला खाज सुटते. हातमोजे विसरू नका. गचपणात शिरण्यापूर्वी काठी आपटा, पायांत बूट घाला आणि शिक्षकांना बरोबर घ्या.

हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा, पसरते आपल्या खोडाने. त्याच्या प्रत्येक पेराला नवी मुळे फुटतात. लव्हाळ्याच्या जमिनीखालील खोडांवर गाठी असतात. प्रत्येक गाठ म्हणजे एक नवे रोप. ओल्या मातीत कुदळीने यांचे तुकडे केलेत, तर एकाची दहा झाडे होतील. म्हणून हे काम एप्रिल-मे महिन्यांत करावे. कोरडी ढेकळे उलथून, खोडे आणि गाठी वेचून कडक उन्हात वाळवाव्यात. पाणी आटले की त्या मरतात.

आता बियांचा बंदोबस्त. वाफे तयार करून पाणी द्या, पण भाजी पेरू नका! आठ-दहा दिवसांत तणांचे हिरवे कोंब दिसतील. खुरप्याने फक्त वरची दोन-तीन सेंटिमीटर माती खरवडून ते काढा. खोल खणाल तर नवे बी वर येईल. हेच पुन्हा एकदा करा. पहिल्या पावसानंतर उगवलेले तण शेतकरी कुळवाची पाळी देऊन मोडतात आणि मगच पेरणी करतात, त्यामागे हेच शास्त्र आहे. शेवटी शेणखत घाला, पण पुरते कुजलेले. कच्च्या शेणात तणांचे बी जिवंत असू शकते.

हे खरे कशावरून? एक-एक मीटर लांबी-रुंदीचे दोन वाफे घ्या. एकात वरीलप्रमाणे दोनदा खरवडा, दुसऱ्यात नाही. मग दोहोंत एकाच दिवशी मेथी पेरा आणि तीन आठवड्यांनी प्रत्येक वाफ्यातील तणांची रोपे मोजून वहीत लिहा. उत्तर वाफाच देईल.