मांजराची न भरणारी जखम

पावसाळ्यात बोके भांडतात, ओरबाडून घेतात आणि गळू घेऊन घरी येतात. बहुतेक गळवं साध्या औषधानं बरी होतात. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आणि घरी तीन मांजरंही आहेत, त्यामुळे ओळखीतले लोक हमखास विचारतात, "गळू परत परत होतंय, अँटिबायोटिक बदलून बघू का?" माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी पू तपासायला द्या.

त्यामागे एक कारण आहे, मेलिऑइडोसिस. १९११ साली आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांना हा आजार रंगूनमध्ये माणसांत आढळला. त्याचा जिवाणू, बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. थायलंड आणि उत्तर ऑस्ट्रेलिया ही त्याची ठरलेली ठिकाणं. पण आपल्या शेजारच्या उडुपी-मणिपाल भागातही त्याचे रुग्ण सापडतात. मांजरांत तो क्वचितच होतो. ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडमधल्या दोन मांजरांना तर तो थेट डोळ्यात झाला होता. २००९ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली.

या आजाराला स्वतःचं असं लक्षण नाही. न भरणारी जखम, सुजलेल्या गाठी, ताप, खाणं सुटणं, धाप, लाल डोळा, यांपैकी काहीही दिसू शकतं. आत यकृतात, प्लीहेत किंवा फुप्फुसात गळवं झालेली असू शकतात. म्हणून खात्रीचा मार्ग एकच: कल्चर, म्हणजे पुवातला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणं.

इथंच घोटाळा होतो. हा जिवाणू सावकाश वाढतो. दोन दिवसांत प्लेट फेकून दिली तर तो हातचा जातो. कधी त्याला साधा स्यूडोमोनास समजतात, कधी बाहेरून आलेली घाण. यंत्रंही चुकतात. आम्हाला खूण मिळते ती औषधांच्या चाचणीतून: जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोन्हींना तो सहसा दाद देत नाही, पण अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटला देतो. असं दिसलं की कान टवकारायचे. अहवाल एकदा 'काही वाढलं नाही' असा आला तरी शंका असेल तर नमुना पुन्हा द्यावा.

तुम्ही काय करायचं? शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना घ्यायला डॉक्टरांना सांगा. मांजर शेतात, चिखलात फिरतं का, हेही सांगा. शंका असेल तर डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'मेलिऑइडोसिस?' असं लिहावं. त्या एका शब्दामुळे आम्ही प्लेट जास्त दिवस ठेवतो आणि स्वतःचीही काळजी घेतो.

निदान झालंच तर उपचार लांबतो: आधी इंजेक्शनं, मग काही महिने गोळ्या. मध्येच सोडला तर आजार उलटतो. मांजराकडून माणसाला लागण होणं फार दुर्मीळ, तरी जखम साफ करताना हातमोजे घाला. आणि घरात आजी-आजोबांना मधुमेह असेल तर हे काम त्यांच्याकडे देऊ नका, कारण माणसांत या आजाराचा सर्वांत जास्त धोका मधुमेह असलेल्यांनाच असतो.