रॉडचा शेंडा आणि वायंडिंगचं दुकान

मासेमारीचा रॉड मोडतो तो बहुतेक वेळा शेंड्याला, आणि तेव्हा गळाला मासा असतोच असं नाही. मोटारसायकलवर आडवा धरलेला रॉड फाटकात अडकतो, गाडीच्या दारात चेपतो, घरी पाहुण्यांना कौतुकाने उघडून दाखवताना पंख्यात जातो. शिरूर-दौंडकडे मात्र मासा लागल्यावरही शेंडे मोडतात, आणि त्याला कारण आहेत केटी म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. घोड नदीवर आणि भीमेवर ढापे टाकून पाणी अडवलेलं असतं. हौशी माणूस बंधाऱ्याच्या माथ्यावर बसून गळ टाकतो आणि चिलापी लागली की खाली न उतरता तिला सरळ वर उचलतो. अशा वेळी रॉड उभा होतो, तंगूस म्हणजे गळाचा नायलॉन दोरा काठीला जवळजवळ समांतर येतो आणि सगळा भार बुंध्याऐवजी काडीएवढ्या शेंड्यावर पडतो. रॉड ४५ अंशांत तिरका धरून मासा काठाला ओढत आणला असता, तर तोच भार बुंध्याने सहज पेलला असता. पण सांगायचं कुणी? बंधाऱ्यावर बसलेल्या माणसाला मासे कसे धरावेत हे सांगणं म्हणजे सुगरणीला मीठ किती ते सांगणं.

पाण्याची ओळख थोडक्यात. शिरूरचं जुनं नाव घोडनदी, आणि नदीपलीकडे अहिल्यानगर (पूर्वीचा नगर) जिल्हा. शिरूर तालुक्यातच चिंचणीला घोड धरण आहे. दौंडचं पाणी भीमेचं. वर रांजणगाव सांडसजवळ (अष्टविनायकातलं रांजणगाव वेगळं) तिला मुळा-मुठा मिळते आणि सोबत पुण्याचं सांडपाणी व जलपर्णी घेऊन येते. खालून उजनीचा फुगवटा भिगवणच्या बाजूने चढत येतो. मासे म्हणाल तर रोहू, कटला, मृगळ, वाम, मरळ आणि सगळीकडे पसरलेली चिलापी. बहुतेक जलाशयांचे ठेके मच्छीमार संस्थांकडे असतात, त्यामुळे गळ टाकण्याआधी विचारावं.

इतिहासही उरकून घेतो. पूर्वी काठी वेळूची असे, आजही गावागावात आहे. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याहून गेलेल्या बांबूच्या चिरफळ्या जोडून अमेरिकेत उंची रॉड बनत. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. भारतातल्या मासेमारीवरचं हेन्री सलिव्हन थॉमसचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३चं. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूचे म्हणजे फायबरग्लासचे रॉड आले आणि १९७३मध्ये अमेरिकेत फेनविक कंपनीने कार्बनचा रॉड बाजारात आणला. संपला इतिहास.

आता माझ्या आवडीचं. शेंड्याला जी कडी असते तिला नळी असते आणि त्या नळीत रॉडचं टोक बसतं. टोकाचे दोन-तीन इंच तुटले असतील तर रॉड फेकण्याचं काहीच कारण नाही. तुटलेल्या जागी काठी किंचित जाड असते, म्हणून मोठ्या नळीची कडी आणायची, इतकंच. पण किती मोठी? अमेरिकी मापात नळीचा नंबर इंचाच्या ६४व्या भागात मोजतात. म्हणजे ५ नंबर हा ५/६४ इंच, जवळपास २ मिलिमीटर. एवढ्या बारीक फरकाला फूटपट्टी काय करणार?

इथे वायंडिंगचं दुकान कामाला येतं. उसाच्या पट्ट्यात पाण्याच्या मोटारी जळत राहतात, त्यामुळे शिरूर आणि दौंड दोन्हीकडे रिवायंडिंगवाले भरपूर. तांब्याची तार मोजायला त्यांच्याकडे मायक्रोमीटर असतो. बारीक तार ताण न सोडता वेढ्याला वेढा लावून गुंडाळणारे हातही त्यांच्याकडेच असतात. शिरूरच्या एका वयस्क कारागिराकडे मी पहिल्यांदा मोडका रॉड घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी तो उलटासुलटा करून विचारलं, "यातलं जळलंय काय?" त्यांच्याकडे येणारं सगळं जळूनच येतं. शेंडा मोजून त्यांनी माप एका वहीच्या कोपऱ्यावर लिहून दिलं. मी दुकानातून निघताना म्हणाले, "गुंडाळायचं असेल तर दोरा घेऊन या, पण मोटारींच्या सीझनला नका येऊ."

कापायची पद्धत महत्त्वाची. पकडीने टोक तोडलं की तंतू चिरडतात आणि चीर खाली उतरते. तुटलेल्या जागेखाली कागदी चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी आणि बारीक दातांच्या हॅकसॉ ब्लेडने, काठी फिरवत फिरवत, हलक्या हाताने कापावं. मग पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरने टोक साफ करावं. कार्बनची कोरडी धूळ छातीत जाणं बरं नव्हे, म्हणून पाणी आणि तोंडाला रुमाल. कार्बनमधून वीज वाहते हेही लक्षात ठेवा. भीमेच्या काठाला शेतीपंपांच्या तारा कुठे कुठे हाताला लागतील इतक्या लोंबतात, तिथे लांब रॉड उभा करायचाच नाही.

चिकटवायला माझं मत गरम करून लावायच्या गोंदाच्या कांडीला. कांडीचं टोक वितळवून नळीत भरायचं, कडी बसवायची आणि थंड होण्याआधी सरळ करायची. पुन्हा मोडली तर नळी थोडी तापवली की कडी सुटून येते. मात्र ज्योत थेट काठीवर कधीच धरायची नाही, आतली राळ मऊ होऊन काठी कायमची दुबळी होते. दोन नळ्यांचा अॅराल्डाइटही चालतो, पण मग ते लग्न कायमचं. चटकन चिकटणारा गोंद नको, तो वाकताना तडकतो. कडी सरळ बसली का हे पाहायला बुंध्याकडून एक डोळा मिटून बघावं. सगळ्या कड्यांमधून शेंड्याची कडी मधोमध दिसली पाहिजे.

नळीच्या खाली पाव इंच दोऱ्याचा वेढा घातला की काम पक्कं होतं. सुरुवातीचं टोक पहिल्या पाच-सहा वेढ्यांखाली दाबायचं. शेवटच्या वेढ्यांखाली वेगळ्या दोऱ्याचा फास ठेवायचा, त्यात टोक ओवायचं आणि फास ओढून टोक आत घ्यायचं. क्रिकेटच्या बॅटच्या मुठीवरचा दोरा असाच संपवतात. कारागिराने माझ्यासमोर हे केलं तेव्हा एक वेढा दुसऱ्यावर चढला नाही. डाव्या अंगठ्याच्या नखाने ते प्रत्येक वेढा मागच्याला टेकवत होते आणि त्या नखावर वर्षानुवर्षांची एक खाच पडलेली दिसत होती. वरून पातळ इपॉक्सी लावून, ती घट्ट होईपर्यंत रॉड सावकाश फिरवत ठेवायचा, नाहीतर एका बाजूला थेंब लोंबतो. त्यांचं मोटारींचं वार्निश भट्टीत भाजावं लागतं. ते रॉडला नको.

रॉड मधेच मोडला असेल तर गोष्ट वेगळी. लोक सायकलचा स्पोक आत घालतात. पोलाद वाकत नाही, फायबर वाकतं, त्यामुळे पुढच्या वेळी जिथे स्पोक संपतो तिथेच काठी मोडते. त्यापेक्षा नव्या छत्र्यांमध्ये फायबरच्या काड्या येतात, मोडकी छत्री टाकण्याआधी त्या काढून ठेवाव्यात. पोकळीत नीट बसणारी काडी दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच शिरेल अशी इपॉक्सीत बसवायची आणि वरून दोऱ्याचा वेढा. टेलिस्कोपिक रॉडचा शेंडा मोडला असेल तर आणखी सोपं. टोकाची कडी काढली आणि बुंध्याची टोपी उघडली की सर्वात बारीक तुकडा मागून बाहेर येतो.

दुरुस्तीनंतर कडीतून कापसाचा बोळा फिरवावा. धागे अडकले तर आतल्या सिरॅमिकला चीर आहे आणि तंगूस कापला जाणार. मग अर्ध्या लिटरची भरलेली बाटली टांगून वाक पाहावा. कमान गोल हवी, कुठेही कोपरा दिसता कामा नये.

आखूड झालेला शेंडा थोडा ताठ होतो. चिलापीची बारीक टोचणी त्याला कळत नाही, पण शेंड्याला घुंगरू बांधून कणकेच्या गोळ्यावर रोहू-मृगळ धरायला तो पहिल्यापेक्षा बरा. चिलापीसाठी दुसरा बारीक रॉड घ्यावा, आणि तो बंधाऱ्यावर नेऊ नये.