एनएफएस सर्व्हर : क्लायंट वाढले की

एनएफएस : नेटवर्क फाइल सिस्टीम. सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये विकसित केली. दुसऱ्या संगणकावरचे फोल्डर आपल्याच डिस्कवर असल्यासारखे वापरता येते.

आवृत्त्या : दुसरीत एका विनंतीत जास्तीत जास्त 8 केबी डेटा. तिसरी 1995 ची. चौथीला 2049 हे एकच पोर्ट पुरते.

थ्रेड : प्रत्येक विनंती सर्व्हरवरचा एक थ्रेड हाताळतो. लिनक्सवर अनेक वर्षे मुळात 8 च थ्रेड असत. पन्नास क्लायंट एकदम लिहू लागले, की आठही डिस्कची वाट पाहत अडकतात. बाकीच्या विनंत्या रांगेत. संख्या 64 किंवा 128 करता येते. डिस्कच संथ असेल, तर थ्रेड वाढवून फारसा फरक पडत नाही (हे तपासायचे बहुधा राहूनच जाते).

सिंक की एसिंक : सिंकमध्ये डेटा डिस्कवर उतरल्यावरच सर्व्हर होकार देतो. एसिंकमध्ये होकार आधी, लेखन नंतर. वेग वाढतो, पण मध्येच वीज गेली, तर होकार दिलेला डेटाही जातो आणि क्लायंटला पत्ताच लागत नाही.

एनकनेक्ट : लिनक्स 5.3 पासून (2019). एका क्लायंटला सर्व्हरशी 16 पर्यंत टीसीपी जोडण्या.