डासाचे यजमान

वाचकहो, डास चावला की आपण त्यास चटकन झटकून टाकतो. परंतु आपल्याआधी त्याने कोणाचे रक्त प्राशन केले होते, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. रोगाचे मर्म मात्र पुष्कळदा त्यातच असते.

रक्त पिते ती केवळ मादी, आणि तेही अंडी पोसण्यासाठी. प्रत्येक जातीची आवड निराळी. १८९८ साली रोनाल्ड रॉस यांनी कलकत्त्यास एका चिमणीचा हिवताप डासांकरवी दुसरीस देऊन दाखविला. तो हिवताप माणसास होत नाही. भातखाचरांतील क्युलेक्स डास गुरे, डुकरे व बगळे यांच्यावर उपजीविका करतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरांच्या व बगळ्यांच्या शरीरात विपुल वाढतो, गुरांच्या शरीरात मात्र त्याचा प्रवास खुंटतो. माणसातही तो पुढे सरकत नाही, पण माणूस दगावतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलार जिल्ह्याने त्याचा प्रकोप पाहिला. खेड्यांतून हिवताप पसरविणारा एक अ‍ॅनॉफिलिस डासही मुख्यतः गुरांवरच जगतो. त्याचे माणसास होणारे थोडे दंशही साथीस पुरतात. म्हणून गोठा घराजवळ असणे हिताचे की अहिताचे, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही.

कोलारच्या वाटेवर, बंगळूरच्या पूर्वेस व्हाइटफील्ड आहे. १८८२ साली म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांनी शेतीसाठी ही वसाहत उभारली. आज तेथे संगणक-कंपन्यांचे उंच मनोरे आहेत. गोठे गेले म्हणून डास गेले, असे मात्र झाले नाही. एडिस नावाच्या डासास गुरांची गरजच नाही. त्यास माणसाचेच रक्त विशेष प्रिय. तो घरात राहतो, दिवसा चावतो, आणि मध्येच कोणी हुसकावले तर उरलेले भोजन दुसऱ्याच्या अंगावर पुरे करतो. एकाच घरात दोघे-तिघे पाठोपाठ डेंग्यूने अंथरुणास का खिळतात, याचे हे एक कारण. शहरात या विषाणूस माणूस व एडिस एवढी दोघांचीच संगत पुरते. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक शासनाने डेंग्यूस साथीचा रोग म्हणून घोषित केले.

गृहिणींनो व गृहस्थांनो, या पाहुण्याचा पाळणा आपल्याच घरात हलत असतो: कुंडीखालची बशी, शीतकपाटामागील तबक, गच्चीवरील उघडे पिंप. मादी आपली अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीस चिकटविते, आणि ती कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी ओतून देणे पुरेसे नाही. भांड्याची आतील बाजू काथ्याने खसखसून घासावी, व मगच ते पुन्हा भरावे.