सिम्युलेशन चुकलं की सर्किट?

आजचा भाग वाकोला, कलिना, सांताक्रूझ पट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या पोरापोरींसाठी. लॅपटॉपवर सर्किट झकास चालतं आणि ब्रेडबोर्डवर आकडे भलतेच येतात. सबमिशन परवावर. मग कोणीतरी म्हणतंच, "सिम्युलेटर फालतू आहे यार!" जरा थांबा, आधी हिशोब करू.

पवईच्या आयआयटी मुंबईतल्या फॉसी प्रकल्पानं 'ईसिम' नावाचं फुकट सॉफ्टवेअर बनवलंय. त्याच्या पोटात एनजीस्पाइस हे इंजिन आहे. त्याचं मूळ १९७०च्या दशकात बर्कली विद्यापीठात तयार झालेल्या स्पाइसमध्ये. गणित ते चोख करतं. पण करतं ते तुम्ही दिलेल्या मॉडेलचं; टेबलावर कुठला पार्ट लावलाय, त्याला काय ठाऊक?

एक साधा लो-पास फिल्टर घेऊ. १ किलोओहमचा रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. सिम्युलेशन सांगतं, कटऑफ १५९० हर्ट्झ. समजा, तुम्ही मोजलात १०८०. केवढा फरक!

आता लॅमिंग्टन रोडवरून आणलेला कॅपॅसिटर नीट बघा. त्यावर '१०४ झेड' छापलंय. १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. झेड म्हणजे किंमत २० टक्के कमी ते ८० टक्के जास्त, काहीही असू शकते. एलसीआर मीटरवर तो ०.१४ निघाला आणि रेझिस्टर ९८० ओहम. शिवाय सिग्नल जनरेटरचे आतले ५० ओहम आपण धरलेच नव्हते. हे सगळं मॉडेलमध्ये टाका. कटऑफ येतो साधारण ११०४ हर्ट्झ. फरक उरला २ टक्के.

हे २ टक्के चालतील का? कटऑफपाशी व्होल्टेज वाचताना १ टक्का चुकलं, तर फ्रिक्वेन्सी साधारण २ टक्के सरकते. म्हणजे उरलेला फरक मोजणीच्या चुकीत बसतो. मॉडेल पास!

पण याच फिल्टरपुढे ७४१ ऑप-ॲम्प लावलात आणि सिम्युलेशनमध्ये 'आयडियल' ठेवलात, तर मात्र मॉडेल नापास होईल. ७४१चं आउटपुट एका मायक्रोसेकंदात साधारण ०.५ व्होल्टच सरकतं. १० व्होल्ट पीकची साइन वेव्ह ८ किलोहर्ट्झच्या वर गेली की त्रिकोणी दिसायला लागते. आयडियल मॉडेलला हे माहीतच नसतं. इथे रेझिस्टर कितीही वेळा मोजा, फायदा नाही. मॉडेलच बदलायला हवं.

आणि एक चीटिंग टाळा. आकडे जुळेपर्यंत मॉडेलच्या किमती फिरवायच्या आणि मग "बघा, जुळलं" म्हणायचं, ही परीक्षा नव्हे. ज्या फ्रिक्वेन्सीवर किमती बसवल्या, त्या सोडून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तपासा. तिथेही जुळलं, तरच विश्वास ठेवा.

रिपोर्टमध्ये नुसतं "सिम्युलेशनशी जुळतं" लिहू नका. किती टक्के फरक, कुठल्या रेंजमध्ये, मोजणीची चूक किती, हे तिन्ही लिहा. व्हायवात पुढचा प्रश्न तोच येतो.