बाळंतिणीचा पाय

बाळंतिणीची पोटरी दुखू लागली की आपल्या घरांतून प्रथम तेलाची वाटी पुढे येते. पाय एकच सुजला असेल, हाताला ऊन लागत असेल, तर तो चोळू नये, असे आम्ही वाचकभगिनींना कळकळीने सांगतो. खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते.

रक्त गोठणे जितके आवश्यक, तितकेच ते वेळीच आवरणेही. हा लगाम मुख्यतः तीन प्रथिनांच्या हाती असतो : अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि प्रोटीन एस. त्यांपैकी पहिल्याची उणीव घराण्यात उतरते, हे नॉर्वेच्या एगेबर्ग यांनी १९६५ साली दाखविले. गर्भारपणात प्रोटीन एस सर्वच स्त्रियांत घटते. प्रसूतीचा रक्तस्राव आवरण्यास हे उपकारक. परंतु मुळातच लगाम सैल असलेल्या स्त्रीस तेच घातक ठरू शकते. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे विशेष जपण्याचे.

आपल्या हैदराबादेत, पंजागुट्ट्याच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधील वैद्यांनी मेंदूच्या शिरांत गुठळी झालेल्या ४२८ स्त्रीपुरुषांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध केला. त्यात पंडुरोग, गर्भनिरोधक गोळ्या, बाळंतपण आणि या प्रथिनांची उणीव अशी कारणे आढळली. म्हणून बाळंतिणीचे असह्य डोके दुखणे वा झटके येणे हा दृष्टीचा प्रकार समजू नये. तातडीने रुग्णालय गाठावे. तिचे पाणी तोडण्याची जुनी चालही सोडावी. मंगलकार्यासाठी पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत.

मग प्रत्येकीने ही प्रथिने तपासून घ्यावीत काय? तसे नाही. गर्भारपणी किंवा गुठळी ताजी असताना केलेली तपासणी पुष्कळदा फसवी ठरते. डी-डायमर नावाचा घटकही गर्भारपणात एरवीच वाढलेला असतो.

पहिली तपासणी घरातच, आणि विनामूल्य होते. आपल्या सुना पुष्कळदा नांदेड, लातूर, बीदरकडून येतात. सासरचा इतिहास सर्वांना पाठ असतो. येथे उपयोगी पडतो तो माहेरचा. आई, मावशी, आत्या, भाऊ यांपैकी कोणाचा पाय असा सुजला होता काय, कोणी बाळंतपणात अकस्मात गेले काय, हे सुनेस मायेने विचारावे आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या कानी घालावे. माहेरून आलेले हे ज्ञान कोणत्याही दागिन्याहून मोलाचे आहे.